दप्तराची किल्ली

बदली हा ज्याच्या संसाराचा नित्यक्रमच होऊन बसला आहे, त्या सरकारी नोकराला कार्यभार सोपविणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. तिजोरीच्या किल्ल्या, रोकडवही, जडवस्तूंची नोंदवही, शिक्के, प्रलंबित प्रकरणांची यादी असे सारे जाणाऱ्याने मांडावयाचे, येणाऱ्याने पडताळून घ्यावयाचे, आणि खाली दोघांनी सह्या करावयाच्या. हा विधी आपण इतक्या वेळा केलेला असतो, की त्यातील अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. वस्तुतः त्या दोन सह्यांत लोकसेवेचे सारे नीतिशास्त्र सामावलेले आहे. जे माझ्या हाती होते ते माझे नव्हते. मी त्याचा राखणदार होतो. आणि ते जसे मिळाले तसे, शक्य तर थोडे अधिक नीटनेटके करून, पुढच्याच्या हाती देत आहे, एवढेच त्या सह्या सांगतात.

आता त्याच यादीकडे आजच्या दृष्टीने पाहावे. कार्यालयाचे दप्तर आता फडताळात नाही, संगणकात आहे. टिपणे, हिशेब, सेवापुस्तके, आदेश हे सारे कोणत्या ना कोणत्या संगणकप्रणालीच्या साहाय्याने लिहिले जाते आणि तिच्याच साहाय्याने वाचले जाते. ती प्रणाली मात्र बहुतेक कार्यालयांत कार्यालयाची नसते. ती एखाद्या कंपनीच्या मालकीची असते आणि आपण ती परवान्याने वापरीत असतो. म्हणजे दप्तर आपले, पण त्याची किल्ली दुसऱ्याची. आणि कार्यभार सोपविताना ही किल्ली यादीत येत नाही, कारण ती आपल्या हाती कधी आलेलीच नसते.

बंद प्रणाली वर्षानुवर्षे चालू असलेल्या कार्यालयात मुक्त प्रणाली हळूहळू आणाव्यात काय, आणि आणावयाच्या तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न वरकरणी यंत्रविभागाचा वाटतो. बंगळूरसारख्या शहरात, जेथे संगणकाच्या धंद्यातला माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो, तेथे तर तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्याचा मोह फार. परंतु हा प्रश्न मुळात कर्तव्याचा आहे, आणि त्याची दोन अंगे आहेत. एक अंग पुढे येणाऱ्या पिढीविषयीच्या कर्तव्याचे. दुसरे आज शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाविषयीच्या कर्तव्याचे. ही दोन अंगे परस्परांशी भांडतात, म्हणून तो विचार करण्याजोगा आहे.

प्रथम मुक्त व बंद या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. संगणक ज्या आज्ञांनुसार चालतो त्या प्रथम माणसाला वाचता येतील अशा रूपात लिहिल्या जातात. त्या लेखनाला आपण मूळ संहिता म्हणू. नंतर तिचे यंत्राला कळेल अशा रूपात रूपांतर होते. बंद प्रणाली विकणारी कंपनी हे दुसरे रूप तेवढे ग्राहकाच्या हाती देते आणि पहिले आपल्यापाशी ठेवते. मुक्त प्रणालीत संहिताही मिळते, आणि तिच्याबरोबर चार हक्क मिळतात: कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, आत पाहून समजून घेण्याचा व बदलण्याचा, दुसऱ्याला प्रत देण्याचा, आणि आपण केलेली सुधारणा लोकांत वाटण्याचा.

या विचाराला चळवळीचे रूप देणारा मनुष्य म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेले एक छपाईयंत्र होते, आणि त्यात वारंवार कागद अडकत असे. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, एवढी लहानशी सुधारणा स्टॉलमन करू पाहत होता. परंतु संहिता ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने, ती कोणाला न देण्याचे आपण वचन दिले आहे, असे सांगून ती नाकारली. ज्ञान असूनही शेजाऱ्याला ते देता येऊ नये, ही गोष्ट स्टॉलमनला नीतीच्या दृष्टीने असह्य वाटली. १९८३ साली त्याने जीएनयू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स हा तिचा उणा राहिलेला गाभा तयार केला, आणि दोहोंच्या संयोगातून एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. पुढे १९९८ साली काही मंडळींना वाटले, की नीतीची भाषा व्यापाऱ्यांना बिचकविते. त्यांनी त्याच वस्तूला ‘ओपन सोर्स’ हे नवे नाव दिले आणि या मार्गाने अधिक चांगली प्रणाली तयार होते, या व्यवहारी मुद्द्यावर भर दिला. वस्तू एकच, परंतु ती स्वीकारण्याची कारणे दोन. आणि कोणत्या कारणाने आपण एखादी गोष्ट स्वीकारतो यावर ती आपल्यापाशी किती टिकणार हे ठरते. या मुद्द्याकडे पुढे यावयाचे आहे.

दप्तर आणि किल्ली यांचे नाते समजण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक उदाहरण घ्यावे. बंगळूरात राहणाऱ्या मराठी माणसाला ते दूरचे वाटू नये. हे शहर सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूरच्या कारभारात मराठीचा वापर होता. आणि आणखी दक्षिणेस तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद आजही जपून ठेवलेले आहेत. मोडीचे जाणकार आता थोडे उरले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून आणि कचेऱ्यांतून उठली, आणि नातवाला आजोबांचे खत वाचता येईनासे झाले. ही हानी लहान नव्हे. तरीही मोडीच्या बाबतीत एक गोष्ट निश्चित आहे, की तिची किल्ली कोणाच्या खिशात नाही. ज्याला हवे त्याने काही महिने मेहनत करावी आणि दप्तर उघडावे. १८९८ पासून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड प्रसिद्ध केले आणि त्यांची संख्या बावीसवर नेली. त्यासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागले आणि दप्तर दाखविण्यास नाखूष असलेल्या धन्यांची मनधरणी करावी लागली; परंतु कागद एकदा हाती आला की तो वाचण्यासाठी कोणाचा परवाना लागला नाही. लिपी दुर्बोध असेल, पण ती खुली होती. २०१४ साली युनिकोड या जागतिक संकेतात मोडीला स्थान मिळाले ते त्यामुळेच. तिची अक्षरे कोणा एकाच्या मालकीची नव्हती.

याच्याशी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आपले दप्तर ताडून पाहावे. संगणकावर मराठी लिहिण्याची सोय तेव्हा नुकतीच होऊ लागली होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, येथल्या बंगळूरच्याच सायबरस्केपची आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींनी त्या काळात मराठी लेखन व मुद्रण यांवर मोठे उपकार केले. त्यांनी ते केले नसते तर कित्येक मासिके, स्मरणिका आणि शासकीय पत्रके टंकलिखितच राहिली असती. परंतु या काळच्या टंकांची एक रीत अशी होती, की संगणकात ज्या जागा रोमन अक्षरांसाठी राखलेल्या, तेथेच देवनागरी आकृती बसवावयाच्या, आणि त्यांची मांडणी प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने करावयाची. परिणाम असा झाला, की ज्या टंकात मजकूर लिहिला तो टंक यंत्रात नसेल तर तीच फाईल उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा सडा दिसतो. कर्नाटकात कन्नडचेही तेच झाले. ‘नुडी’ प्रणालीत लिहिलेले सरकारी कागद युनिकोडमध्ये आणण्यासाठी पुढे निराळी खटपट करावी लागली. शंभर वर्षांपूर्वीचे मोडी पत्र वाचणारा एखादा तरी जाणकार पुण्यात भेटतो. पंचवीस वर्षांपूर्वीची फाईल हाती असून ती वाचण्यासाठी आधी तिचे रूपांतर करणारी प्रणाली शोधावी लागते. अशा रूपांतरप्रणाली आज आहेत हे खरे, परंतु त्याचे श्रेय मूळ योजनेला नाही. ते नंतरच्या परिश्रमांना आहे. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की आकृतीच्या कर्त्यांनी पुढे अनेक भारतीय लिपींतील आपले काही टंक मुक्त परवान्याखाली लोकांस दिले. बंद दार आतून उघडता येते, याचे हे याच शहरातील उदाहरण आहे.

एवढ्यावरून कर्तव्य स्पष्ट झाले असे कोणी म्हणेल. सार्वजनिक दप्तराची किल्ली सार्वजनिकच असली पाहिजे. मग उद्यापासून सर्व यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवावी आणि प्रश्न संपवावा. आदेश काढणाऱ्याला हे सोपे वाटते, कारण आदेशाची किंमत तो स्वतः देत नाही.

एक कार्यालय कल्पावे. तेथे एक वरिष्ठ लिपिक आहे. निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. तरुणपणी त्याने टंकलेखन यंत्रावर वेग कमावला, परीक्षा दिली, आणि त्या बळावर नोकरी मिळविली. मग संगणक आला. टंकलेखन यंत्राची कळरचना एक, आणि १९८६ साली प्रमाण म्हणून ठरविलेली इनस्क्रिप्ट कळरचना दुसरी. तरीही त्याने जुन्या सवयीला धरून नवे यंत्र आत्मसात केले. कार्यालयात कोणाचे कोष्टक बिघडले, कोणाचे पत्र छापून येईना, तर लोक त्याच्याकडे जातात. तोच त्याचा मान आहे. पदोन्नती त्याच्या वाट्याला आली नाही, पण हे ज्ञान आले. अशा माणसासमोर एका सोमवारी सकाळी निराळाच पडदा उघडतो. जेथे जे असावयाचे ते तेथे नाही, आणि ज्याला तो काल शिकवीत होता त्या नव्या मुलाला आज त्याने विचारावे लागते. त्याच्याकडून आपण काय काढून घेतले? यंत्र तर काढून घेतले नाही. उलट त्याला अधिक स्वतंत्र यंत्र दिले, असे आपण म्हणू. पण त्याच्या तीस वर्षांच्या हातखंड्याचे मोल आपण एका आदेशाने शून्य केले, आणि तेही ज्या स्वातंत्र्याची त्याने कधी मागणी केली नव्हती त्याच्या नावाने.

सवय ही निव्वळ जडता आहे असे सुधारकांना वाटते. ते अर्धसत्य आहे. सवय हे गरीब माणसाचे भांडवल आहे. ते बुडवावयाचे असेल तर त्याची भरपाई कोण आणि कशी करणार, हे आधी सांगितले पाहिजे. जी सुधारणा दुसऱ्याच्या खिशातून केली जाते आणि जिचे श्रेय मात्र आपल्या गोपनीय अहवालात येते, ती कितीही इष्ट असली तरी तिच्यात नीतीचा एक दोष राहतो. हळूहळू बदल करावा या म्हणण्याचा खरा आधार येथे आहे. तो आधार भित्रेपणाचा नाही, दुसऱ्याच्या श्रमाविषयीच्या आदराचा आहे.

परंतु हळूहळू हा शब्द आपल्या कचेऱ्यांत फार स्वस्त झालेला आहे. ‘यथावकाश’, ‘टप्प्याटप्प्याने’, ‘योग्य वेळी’ ही पदे टिपणात आली, की ते काम होणार नाही असे अनुभवी वाचक मनातल्या मनात समजून घेतो. केंद्र सरकारने सार्वजनिक कारभारातील खुल्या मानकांविषयी २०१० साली आणि मुक्त प्रणालींच्या स्वीकाराविषयी २०१५ साली धोरण जाहीर केले. दुसऱ्या धोरणाचा आशय असा, की नव्या कामात मुक्त प्रणालीला अग्रक्रम द्यावा आणि बंद प्रणाली घ्यावयाची असेल तर तिचे समर्थन करावे. म्हणजे स्पष्टीकरण देण्याचा भार बंद प्रणाली निवडणाऱ्यावर टाकलेला आहे. प्रत्यक्षात हा भार नेमका उलट दिशेने पडतो, हे कोणत्याही कार्यालयात दिसेल. मुक्त प्रणाली सुचविणाऱ्यालाच दहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. जुन्या परवान्याच्या नूतनीकरणाचे टिपण मात्र बिनबोभाट मंजूर होते. तेव्हा क्रमाक्रमाने जाणे हे कोठे धोरण आहे आणि कोठे सबब आहे, हे ओळखण्याची काही कसोटी हवी. ती शोधण्यासाठी ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला त्यांच्याकडे पाहणे उपयोगी पडेल.

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली बंद प्रणाली सोडण्याचा निर्णय घेतला. सुमारे दहा वर्षांत जवळजवळ पंधरा हजार संगणक मुक्त प्रणालीवर आले. जगभर त्याचे कौतुक झाले. परंतु २०१७ साली त्याच नगरपालिकेने परत फिरण्याचा ठराव केला, आणि २०२० साली नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा मुक्त प्रणालींना अग्रक्रम देण्याचे ठरविले. या हेलकाव्यांची कारणे वादग्रस्त आहेत. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, बाहेरच्या कार्यालयांशी कागदांची देवघेव करताना अडचणी येत, आणि राजकारणही होते. एवढे मात्र दिसते, की यंत्रे बदलणे दहा वर्षांत साधले, पण त्या बदलामागील कारण पुढच्या कारभाऱ्यांनाही आपले वाटावे हे साधले नाही.

फ्रान्समधील जांदार्मरी या पोलीस दलाने निराळा क्रम धरला. २००५ च्या सुमारास तिने प्रथम लेखनाची व कोष्टकांची प्रणाली बदलली; पुढे आंतरजाल पाहण्याची आणि टपालाची; आणि या साधनांचा हात बसल्यानंतर, २००८ पासून, यंत्राच्या मुळाशी असलेली प्रणाली बदलण्यास आरंभ केला. शिपायाच्या दृष्टीने शेवटचा बदल सर्वांत लहान ठरला, कारण तो रोज जी साधने वापरीत होता ती तशीच राहिली. हजारो यंत्रे अशी बदलली आणि ती व्यवस्था टिकली.

इतके दूरही जावयास नको. शेजारच्या केरळात शाळांतील संगणकशिक्षण बंद प्रणालीवर सुरू झाले होते. तेथे आधी शिक्षकांना शिकविले, काही काळ दोन्ही प्रणाली चालू दिल्या, आणि नंतर शालान्त परीक्षेतील माहिती तंत्रज्ञानाचा विषय सर्वस्वी मुक्त प्रणालीवर आणला. आपल्या देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांचा कारभार ज्या प्रणालीवर चालतो, ती एनआयसीच्या पुणे केंद्रात मुक्त साधनांच्या आधाराने तयार झाली, आणि न्यायाधीशांना उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती शिकविण्याचे वर्ग देशभर झाले. न्यायालयासारखी परंपरेला जपणारी संस्था हे करू शकते, तर ‘आमच्या कार्यालयाची गोष्टच निराळी’ या वाक्याचा जोर बराच कमी होतो. बंगळूरातही आयटी फॉर चेंज या संस्थेने कर्नाटकातील सरकारी शाळांच्या शिक्षकांना याच मार्गाने नेले आहे. यशाच्या या उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते, की यंत्राच्या आधी माणसाकडे लक्ष दिले गेले.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी, की क्रमाने जाताना सुरुवात कागदाच्या रूपापासून करावी, यंत्रापासून नव्हे. जुने यंत्र आणि जुनी प्रणाली राहू द्यावी; परंतु नवा कागद बंद रूपात जन्माला येऊ देऊ नये. मजकूर युनिकोडमध्ये असावा; तो ज्या रूपात साठवावयाचा ते रूप खुले असावे, जसे २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले ओडीएफ. ज्या रूपाची रचना जाहीर आहे ते रूप कोणतीही प्रणाली वाचू शकते, म्हणून पुढच्याला निवडीचे स्वातंत्र्य उरते. यात लिपिकाचे काहीच हिरावले जात नाही आणि तरी पुढच्या पिढीचा हक्क मात्र आजपासून राखला जातो. दोन कर्तव्यांचे भांडण मिटविण्याची जागा ही आहे.

दुसरी गोष्ट अशी, की दिशा लपवू नये. काही उत्साही मंडळी अशी युक्ती सुचवितात, की नव्या प्रणालीला जुन्याचाच वेष द्यावा, चिन्हे व रंग तेच ठेवावेत, आणि कर्मचाऱ्यांना कळण्यापूर्वीच बदल उरकून टाकावा. सोयीसाठी साम्य ठेवणे निराळे आणि न सांगता फसविणे निराळे. ज्या चळवळीचे मूळच ‘आत काय आहे ते मला पाहू दे’ या मागणीत आहे, ती माणसाला अंधारात ठेवून पुढे नेणे हा तिचाच पराभव होय. ज्याच्या टेबलावर बदल होणार त्याला तो का होणार हे सांगितले पाहिजे. आणि त्याने ‘का?’ असे विचारले तर त्या प्रश्नाला अडथळा मानू नये, कारण तो सहभागाचा आरंभ असतो. आपल्या काल्पनिक कार्यालयातील त्या वरिष्ठ लिपिकालाच पहिला विद्यार्थी आणि पुढे पहिला शिक्षक करावे. त्याचा मान जाणार नाही याची यापेक्षा चांगली हमी दुसरी नाही, आणि त्याचा अनुभवही वाया जाणार नाही.

तिसरी गोष्ट काळाची. प्रत्येक टप्प्याला तारीख असावी. ज्याला तारीख नाही तो टप्पा नव्हे, ती निव्वळ सदिच्छा होय. शिवाय प्रत्येक टप्पा स्वतःपुरता हितकर असावा, म्हणजे पुढचा टप्पा कधी आलाच नाही तरी या टप्प्यापर्यंत आल्याचा कोणालाही पश्चात्ताप होऊ नये.

आपल्याकडे रानडे आणि आगरकर यांच्या रूपाने या वादाची दोन टोके शंभर वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. समाजाला बरोबर घेऊन, परंपरेशी नाळ न तोडता पुढे जावे, ही रानड्यांची वृत्ती. जे अन्याय्य आहे त्याला अन्याय्य म्हणताना आवाज खाली घेऊ नये, ही आगरकरांची. पण १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनीही, कृतीत जे आज साध्य आहे ते करण्यास कमीपणा मानला नाही. बोलताना तत्त्वाला मुरड घालावयाची नाही आणि करताना माणसाला चिरडावयाचे नाही, हा दोघांच्या मधला मार्ग आपल्याला अपरिचित नाही. संगणकाच्या निमित्ताने तो पुन्हा आठवावा एवढेच.

मुक्त प्रणालीवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. बंद प्रणालीमागे कंपनी उभी असते, काही बिघडले तर तिला जाब विचारता येतो. मुक्त प्रणालीत जबाबदार कोण, असे विचारले जाते. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. परवान्याच्या अटी ज्याने वाचल्या आहेत त्याला कंपनी किती जबाबदारी घेते हे ठाऊक आहे. आणि एखाद्या प्रणालीची देखभाल केव्हा थांबवावयाची हे कंपनी ठरविते, ग्राहक नव्हे. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. तोवर ठीक चाललेली यंत्रे त्या तारखांनी जुनी ठरली. परंतु आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा आधार असलेली एक मुक्त प्रणाली मूठभर माणसे तुटपुंज्या साधनांनी सांभाळीत होती, हे त्या वेळी जगाला कळले. वापर सर्वांचा, पण राखण कोणाचीच नाही, अशी ती गावविहिरीची गत होती.

येथे बंगळूरच्या वाचकाने आपल्या शहराकडे पाहावे. आधारची तांत्रिक यंत्रणा ज्या केंद्रातून चालते ते येथे आहे, आणि ती यंत्रणा मोठ्या प्रमाणावर मुक्त साधनांवर उभारलेली आहे. लोकांनी निर्माण केलेल्या साधनांतून लोकांचे एवढे मोठे काम उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आधारची स्वतःची संहिता लोकांसाठी खुली नाही. सामाईक विहिरीचे पाणी घ्यावयाचे आणि आपल्या अंगणातली विहीर झाकून ठेवावयाची, यात सुरक्षिततेची काही कारणे असतीलही. पण घेणाऱ्यावर देण्याचे ऋण राहते, हे तरी मान्य झाले पाहिजे. कार्यालयाच्या पातळीवर हे ऋण फेडणे अवघड नाही. आढळलेला दोष कर्त्यांना कळविणे, मराठी व कन्नड शब्द सुचविणे, एखादी मार्गदर्शिका लिहिणे, परवान्याचे जे पैसे वाचले त्यांतील काही अंश देखभालीसाठी देणे, हे सारे सामान्य कर्मचाऱ्यांच्या आवाक्यातले आहे.

याच ठिकाणी मघाशी बाजूस ठेवलेला मुद्दा पुन्हा हाती घ्यावा. मुक्त प्रणाली फुकट मिळते म्हणून घेतली, तर ज्या दिवशी बंद प्रणालीचा विक्रेता भरघोस सवलत देईल त्या दिवशी ती सोडण्याचे कारणही तयार असेल. त्याचप्रमाणे केवळ स्वदेशी म्हणून एखादी प्रणाली घेतली तर तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. परदेशी कंपनीच्या खिशातील किल्ली देशी कंपनीच्या खिशात गेली तर अभिमान वाटेल, दप्तर मात्र परक्याच्याच स्वाधीन राहील. सी-डॅकने २००७ साली लोकांपुढे आणलेली ‘बॉस’ ही प्रणाली देशी आहे याहून ती मुक्त आहे हे तिचे अधिक महत्त्वाचे लक्षण होय. पैशाची बचत आणि देशाभिमान ही चांगली सोबतची कारणे आहेत. मुख्य कारण म्हणून ती अपुरी आहेत. मुख्य कारण एकच असू शकते, ते म्हणजे सार्वजनिक कागद सार्वजनिक राहावा. म्युनिकचे हेलकावे पाहिल्यावर असे वाटते, की यंत्रांच्या बदलाइतकाच वेळ हे कारण समजावण्यात घालविला पाहिजे, आणि तेही दर बदलीनंतर नव्याने.

आपण महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारी माणसे आहोत. आज बंगळूर, तीन वर्षांनी भोपाळ किंवा हैदराबाद. ज्या कार्यालयात आपण मुक्त प्रणालीची सुरुवात करू, तिचे फळ पाहण्यास आपण तेथे असण्याचा संभव थोडा. त्यामुळे मोठ्या क्रांतीचे श्रेय आपल्याला लाभणार नाही, आणि त्याची हावही नसावी. परंतु आज एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचे टिपण आपण लिहीत असू, तर तीस वर्षांनी तिचा नातू ते मागावयास येईल तेव्हा ते उघडेल अशा रूपात ठेवणे आपल्या हाती आहे. ज्या लिपिकाने ते टंकित केले त्याला हे रूप कसे राखावयाचे ते शिकविणे आपल्या हाती आहे. आणि जाताना सोपविलेल्या वस्तूंच्या यादीत एक ओळ वाढविणेही आपल्या हाती आहे: कार्यालयाचे कागद कोणत्या रूपात आहेत, त्यांपैकी खुले किती, बंद किती, आणि बंद असलेले उघडण्याचे काम कोठवर आले आहे. येणारा अधिकारी ती ओळ वाचील, आणि पुढचे काम कोठून धरावयाचे हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.